घाटोळे डॉक्टरांचा ‘नको’

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात ‘केस’ हा शब्द नव्हता. केसांसाठी येणारे पुरुष दुपारी यायचे, तीनच्या सुमारास, बाकं रिकामी असताना. सगळे पस्तीस-चाळिशीतले. कोणी टोपी घातलेला, कोणी एका कानावरचे केस ओढून दुसऱ्या कानापर्यंत नेलेले. काउंटरवर वाकून हळूच सांगायचे, “दीदी, तकलीफ में खुजली लिख दो ना.” मी लिहायची, खाज. संध्याकाळी डॉक्टर घाटोळे रजिस्टर चाळायचे अन् चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “राऊतबाई, आपल्या रायपुरात तर सगळ्यायले खाज सुटली आहे.”

चौबे कॉलोनीतल्या एका घराच्या तळमजल्यावर, जिथं घरमालक आधी मोटार ठेवायचा, तिथं त्यांचा दवाखाना होता. बाहेर पाटी, ‘चर्मरोग’. आत एक टेबल, एक उंच स्टूल, भिंतीवर आरसा अन् मुठीएवढं भिंग. मी पुरानी बस्तीतून यायची, आधी सायकलनं, मग स्कूटीवर. चौदा वर्षं मी त्यांचे नंबर लावले. डॉक्टर मूळ अमरावतीकडचे. त्यांच्या पत्नीची इथं शाळेत नोकरी होती म्हणून रायपूरला आले. पुढं त्या वारल्या, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, डॉक्टर इथंच राहिले.

पेशंट स्टुलावर बसला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “टोपी काढा. टोपी काढायलेच आले ना?” मग भिंगातून कपाळाची कड पाहायचे, भांग पाडून टाळू पाहायचे, मान खाली करायला लावून मागची बाजू पाहायचे. अन् औषध न लिहिता घरी पाठवायचे. “वडलांचा चाळिशीतला फोटो आणा. आईच्या वडलांचा मिळाला तर तोही आणा.”

लोकांना वाटायचं, हा माणूस ज्योतिष पाहतो की काय. डॉक्टर म्हणायचे, “मी डोकं नाही तपासत, घराणं तपासतो.” लोक फोटो घेऊन यायचे. कोणाच्या लग्नाच्या अल्बममधून काढलेला, कोणाचा हार घातलेल्या फ्रेमसकट. डॉक्टर तो फोटो आरशाला टेकवून ठेवायचे अन् पेशंटला सांगायचे, एकदा इकडं पाहा, एकदा तिकडं. एक बँकेतला माणूस पाहता पाहता रडायला लागला होता. केसांसाठी नाही. “बाबूजी इतने थके हुए थे, मैंने देखा ही नहीं,” म्हणाला. डॉक्टरांनी मला पाणी आणायला सांगितलं अन् त्या दिवशी त्याची फी घेऊ दिली नाही.

मग डॉक्टर समजावून सांगायचे, अन् तेच त्यांचं नुकसान होतं. “आहे ते राखता येते. गेलेलं बोलावता येत नाही. हे लोशन रोज लावा, ही गोळी रोज घ्या. गोळीनं काही जणांले त्रास होते, तो असा असा होते, बायकोशी बोलून मग ठरवा. पहिल्या महिन्यात केस जास्त गळतील, घाबरून फोन करू नका. अन् जितके दिवस लावाल तितके दिवस टिकतील. सोडलं की काही महिन्यांत जिथल्या तिथं.”

“कब तक लगाना है, सर?”

“जब तक शौक है.”

अर्धे लोक पुन्हा यायचे नाहीत. गोल बाजारात तेलवाला सांगायचा, चाळीस दिवसांत केस. कोणाचा साला कांद्याचा रस सांगायचा. त्यांच्यासमोर ‘राखता येते’ या दोन शब्दांना कोण विचारतो?

खरी पंचाईत म्हणजे डॉक्टरांचं स्वतःचं डोकं. साठीला आलेले, पण केस असे की कंगवा अडकावा. पांढरे, दाट, कपाळावर उतरलेले. पेशंट औषधाची चिठ्ठी हातात घेऊन त्यांच्या केसांकडेच पाहत बसायचे. “सर, आप कौन सा तेल लगाते हो?” डॉक्टर ड्रॉवर उघडून एक जुना फोटो काढायचे. धोतर नेसलेले, डोक्यावर केसांचं रान असलेले एक म्हातारे. “हे माझं तेल. आईचे वडील.” पेशंट हसायचे, पण विश्वास ठेवायचे नाहीत. बाहेर येऊन मला विचारायचे, “दीदी, सच बताओ, क्या लगाते हैं?”

खरं सांगितल्याचा मोबदला कसा मिळतो, ते मी एकदा समोरच पाहिलं. तहसील ऑफिसातला एक बाबू यायचा, छत्तीस वर्षांचा, लग्न ठरत नव्हतं. एका स्थळानं होकार दिला होता, पण त्यांनी पाहिलेला फोटो पाच वर्षांपूर्वीचा. मुलीला भेटायच्या आधी काही तरी करून द्या, म्हणाला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, केस एकदम बारीक कापा, स्वच्छ फोटो काढा अन् तो पाठवा. त्यानं पाठवला. मुलीकडच्यांनी नकार कळवला.

दोन दिवसांनी त्याची आई दवाखान्यात आली. बाकांवर पाच-सहा लोक बसले होते. ती थेट आत शिरली. “कौन डॉक्टर बोलता है फोटो भेजो? डॉक्टर का काम दवा देना है कि रिश्ता तोड़ना है? तुम्हारे सर पे तो जंगल है, तुमको क्या!” डॉक्टर उभे राहून ऐकत होते. तिचं झाल्यावर म्हणाले, “माताजी, लड़की ने शादी के पहले ना बोला. बाद में बोलती तो?” ती म्हणाली, “बाद में कौन बोलता है!” अन् पदर सावरून निघून गेली.

त्या बाबूनं पुढं डोक्यावर केसांचा पॅच चिकटवून घेतला अन् त्याचं लग्न झालं. पत्रिका द्यायला आला तेव्हा डॉक्टर आत एकटेच बसले होते. त्यानं पत्रिका माझ्या हातात दिली अन् तिथूनच परत गेला. डॉक्टरांनी ती पाहिली, पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणाले, “बाईचं बरोबर होतं. बाद में कौन बोलता है.”

त्यानंतर दुपारी रिकाम्या जायला लागल्या. तेलीबांध्याच्या बाजूला, तलावाजवळ, केसांचं एक मोठं क्लिनिक उघडलं होतं. काचेचा दरवाजा, आत थंड हवा. उघडणारा आमच्या ओळखीचा निघाला. मनीष. आधी औषध कंपनीचा माणूस म्हणून तो आमच्याच बाकावर बॅग घेऊन दोन दोन तास बसायचा. मी त्याला पाणी द्यायची. आता तो मोटारीनं आला अन् डॉक्टरांच्या पाया पडला.

“सर, मेरे पास सब कुछ है, आप जैसा नाम नहीं है. आपका काम वही रहेगा. मरीज देखना, सच बताना.”

डॉक्टरांनी आठ दिवस विचार केला. त्या आठ दिवसांत दवाखान्यात मोजके पेशंट आले, तेही खरोखरच्या खाजेचे. नवव्या दिवशी ते मला म्हणाले, “राऊतबाई, आपण इथं खरं बोलून राहिलो, पण ऐकाले कोणी येत नाही. तिथं लोकायची रांग आहे. आत राहून दोघा-चौघायले जरी वाचवलं, तरी खूप झालं.” मलाही तिथं काउंटरवर घ्यायचं अशी अट त्यांनीच घातली होती. पगार इथल्यापेक्षा चांगला होता. मी हो म्हटलं. त्यांच्यासाठी गेले असं मी कधी कधी सांगते. ते खरं नाही.

पहिले तीन-चार महिने डॉक्टर तिथंही तसेच होते. टोपी काढा, वडलांचा फोटो आणा, मागचे केस पातळ आहेत, ऑपरेशन करू नका. लोक काचेच्या दरवाज्यातून थंड हवेत यायचे अन् तसेच परत जायचे. मनीष कधी आवाज चढवून बोलला नाही. त्यानं फक्त खोल्यांचा क्रम बदलला. आधी पेशंट डॉक्टरांकडे जायचा. आता आधी एका मुलीकडे जायला लागला. ती संगणकावर त्याच्याच चेहऱ्याला दाट केस लावून दाखवायची. मग तो फॉर्म भरायचा, मग पैसे भरायचा, मग तारीख घ्यायचा. अन् सगळ्यात शेवटी डॉक्टर. डोळ्यांसमोर स्वतःचा तो तरुण चेहरा घेऊन माणूस त्यांच्यासमोर बसायचा, तेव्हा त्याला काही ऐकायचंच नसायचं. तो म्हणायचा, “बस, साइन कर दीजिए सर.”

ऑपरेशन डॉक्टर करत नव्हते. आत चार-पाच पोरं होती, कुठून तरी शिकून आलेली. डोक्याच्या मागून एकेक केस मुळासकट काढायचा अन् पुढं रोवायचा, दिवसभराचं काम. डॉक्टरांनी फक्त खाली सही करायची.

मग मोठा बोर्ड लागला. सिग्नलजवळ, दुमजली घराएवढा. उजवीकडं आमचे डॉक्टर, हसताना, केस काळे कुळकुळीत केलेले. डावीकडं तसाच चष्मा घातलेला एक टकला माणूस. वर लिहिलेलं, ‘पहले’ अन् ‘अब’. मी स्कूटीवर होते, डॉक्टर माझ्या शेजारी त्यांच्या जुन्या स्कूटरवर. सिग्नल लाल होता. ते बराच वेळ वर पाहत होते.

“तो डावीकडचा कोण आहे?” त्यांनी मला विचारलं.

“तुम्हीच आहात, डॉक्टर.”

मला वाटलं, आज क्लिनिकमध्ये काही तरी होणार. डॉक्टर मनीषच्या खोलीत गेले, पाच मिनिटांत बाहेर आले. “सगळेच करतात म्हणते,” एवढंच म्हणाले. अन् पुढच्या आठवड्यात त्यांनी केस रंगवले. पेशंट बोर्डावरचे काळे केस पाहून यायचे अन् समोर पांढरे पाहून गोंधळायचे, म्हणून मनीषनं सुचवलं होतं. उभ्या जन्मात ज्याचा एक केस गेला नाही, तो माणूस दर तीन आठवड्यांनी कलप लावून, कानामागं काळे डाग घेऊन कामावर यायला लागला.

त्याच सुमारास मला फायलींत ते दिसलं. ज्या पेशंटचं ऑपरेशन करू नये असं डॉक्टरांना वाटायचं, त्याच्या कागदावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘नको’. अन् खाली सही, स्पष्ट, तारखेसकट.

मी विचारलं, “हे कोणासाठी, डॉक्टर?”

“माझ्यासाठी,” ते म्हणाले.

एकदा मनीषनंही विचारलं, “दीदी, सर कोने में ये क्या लिखते हैं?” मी म्हटलं, “पुरानी आदत है.” त्यानं पुढं विचारलं नाही, मी पुढं सांगितलं नाही.

प्रमोद नासरे आमचा चौबे कॉलोनीपासूनचा पेशंट. आमच्याच बाजूचा, मराठी घरातला, सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटात शिफ्ट सांभाळायचा. डॉक्टरांचं शब्दशः ऐकणारा तो एकच असावा. आठ वर्षं न चुकता लोशन, न चुकता गोळी. त्याचं कपाळ मागं सरकत होतं, पण सावकाश. डॉक्टर त्याला म्हणायचे, “नासरे, तुमच्यासारखे दहा पेशंट असते, तर मी मेडलसाठी अर्ज केला असता.”

चाळिशी महिन्यावर आली असताना तो क्लिनिकमध्ये आला. प्लांटच्या गेटवर नवा गार्ड आला होता. त्यानं ओळखपत्रावरचा जुना फोटो पाहिला, नासरेकडं पाहिलं अन् सगळ्या शिफ्टसमोर म्हणाला, “ये आप नहीं हो, भैया. अपना कार्ड लाओ.” हसले सगळे. नासरेही हसला. अन् तिसऱ्या दिवशी रजा टाकून आमच्याकडं आला. त्या मुलीकडं गेला, फॉर्म भरला, पैसे भरले, तारीख घेतली. मग फाइल घेऊन मी त्याला डॉक्टरांच्या खोलीत नेलं.

डॉक्टरांनी भिंग घेतलं नाही. त्याचं डोकं त्यांना पाठ होतं. मागचे केसही पातळ होते, काढायला काही नव्हतं. हे त्यांनीच त्याला आठ वर्षांत चार वेळा सांगितलं होतं.

नासरे खुर्चीत पुढं सरकून बसला. “सर, तो बोर्डावरचा डावा माणूस तुमी नाही, मले माहीत आहे. मी तुमचे केस पह्यल्यापासून पाहून राहिलो. बोर्ड पाहून नाही आलो मी. तुमी इथं बसले आहे म्हणून आलो. म्हटलं, घाटोळे डॉक्टर बसले आहे म्हणजे काही तरी खरं असंन.”

डॉक्टरांनी दरवाज्याकडं पाहिलं. ती संगणकवाली मुलगी तिथं उभी होती. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते. 

“आता तंत्र बदललं आहे,” डॉक्टर म्हणाले.

चौदा वर्षांत अन् नंतर, मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं. नासरेचा चेहरा उजळला. डॉक्टरांनी फाइल ओढली, कोपऱ्यात काही लिहिलं, खाली सही केली. मी ती फाइल उचलली अन् आत दिली. मला वाचता येतं.

ऑपरेशनला दिवस गेला. पोरांनी मागून काढता येतील तितके केस काढले, फॉर्मवर आकडा लिहिला होता तो भरायचा म्हणून. दहाव्या दिवशी नासरेची रजा संपली. प्लांटात हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत. भट्टीजवळ हेल्मेट घालून तो आठ आठ तास उभा राहिला. त्याचे फोन यायला लागले, ठणकतंय म्हणून, पू येतोय म्हणून. मी ते फोन आत जोडून द्यायची. आतली मुलगी म्हणायची, “नॉर्मल है सर, सबको होता है.” डॉक्टरांपर्यंत एकही फोन गेला नाही. मी नेला नाही.

महिन्याभरानं त्यानं फाइल मागितली, दुसऱ्या कोणाला दाखवायची म्हणून. फाइल मीच दिली. ते पान काढून घ्यावं असं माझ्या मनात आलं नाही, असं म्हणणार नाही. आलं होतं. पण त्याच्या मागं लोक उभे होते.

दुसऱ्या दिवशी तो परत आला अन् नंबर न लावता डॉक्टरांच्या खोलीत शिरला. मी मागोमाग गेले. त्यानं टोपी काढली. कपाळाच्या वर, जिथं केस रोवले होते, तिथं रुपयाएवढा काळा डाग अन् त्याच्या कडेनं पिवळं. मग तो वळला. डोक्याची मागची बाजू कसर लागलेल्या शालीसारखी झाली होती, जागोजागी पांढरी भोकं.

डॉक्टर उठले, हात पुढं केला.

“हात नका लावू,” नासरे म्हणाला. त्यानं फाइल टेबलावर ठेवली अन् कोपऱ्यावर बोट ठेवलं. “पह्यले हे वाचा. तुमचंच अक्षर आहे.”

डॉक्टर फाइलीवर वाकले.

“इथल्या लोकायले वाटलं असंन, काही डॉक्टरी भाषा आहे. पण मले येते वाचता. माझ्या मायनं शिकवली मले मराठी. नको लिवलं आहे. अन् खाली तुमची सही आहे. सर, यातलं कोणतं खरं?”

“नको, हेच खरं,” डॉक्टर म्हणाले.

“मग मले काहून नाही सांगितलं? मी तुमच्या समोर बसलो होतो.”

“तुम्ही ठरवून आले होते, नासरे. ठरवून आलेल्या माणसाले...”

“मी तुमाले विचाराले आलो होतो.”

तो ओरडला नाही. टोपी घालताना त्याला डाग दुखला, तेवढाच आवाज. दरवाज्याबाहेर दोन नवे पेशंट बसले होते. त्यांना दिसू नये म्हणून त्यानं टोपी मागं ओढून घेतली अन् गेला.

मनीष डॉक्टरांच्या खोलीत चहा घेऊन आला. “सर, टेन्शन मत लीजिए. ये लोग शिकायत नहीं करते. किसको बताएँगे?” तो दुष्टपणानं नाही बोलला. धीर द्यायला आला होता. रजिस्टरात खाज लिहून देणारी मी, मला ते इतर कोणापेक्षा जास्त पटलं.

डॉक्टर त्या दिवशी उठून गेले ते परत आले नाहीत. मी राहिले. आजही तिथंच आहे.

पुढच्या रविवारी त्यांचा मला फोन आला. “राऊतबाई, सिलतऱ्याले येता का? ड्रेसिंग करायचं आहे, एकट्यानं जमत नाही.” नासरे प्लांटजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याच्या बायकोनं, संध्यानं, दार उघडलं, आमच्याकडं पाहिलं अन् पाणी तापवायला ठेवलं. नासरे खुर्चीत पाठ करून बसला. डॉक्टरांनी त्याच्या डोक्याला हात लावला, या वेळी त्यानं लावू दिला. पण बोलला नाही. जखम धुताना किती झोंबत असेल, तरी हूं की चूं नाही. डॉक्टर बाकीचे दिवस एकटे जायचे, रविवारी मी सोबत असायची. दर रविवारी डॉक्टरांच्या केसांत खालून पांढरं वर येत होतं. सात आठवडे असेच गेले. जखम भरली. त्या जागी केस येणार नव्हते, पुढंही नाही, मागंही नाही.

मी डॉक्टरांना शेवटचं पाहिलं ते त्या सातव्या रविवारी. त्यानंतर महिन्याभरात ते नागपूरला मुलीकडे निघून गेले, घरमालकाकडून कळलं. मला फोन केला नाही, मीही केला नाही.

त्या रविवारी ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी हात पुसले अन् पिशवीतून तीन कागद काढले. डॉक्टरांच्या कौन्सिलला लिहिलेला अर्ज होता, स्वतःविरुद्ध अन् क्लिनिकविरुद्ध. “सही माझी, गप्प राहणं माझं,” असं सगळं डॉक्टरांनी त्यात लिहिलेलं. मी वाचला होता तो. चांगला लिहिला होता.

“नासरे, खाली तुमची सही पाहिजे.”

नासरेनं सात आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडं तोंड केलं. “याच्यात माझं नाव आहे?”

“आहे.”

“फोटो?”

“लावावे लागतील.”

“प्लांटात मी सांगितलं, डोक्यात गळू झालं होतं. सासऱ्याले तेच सांगितलं. पोट्टीले तेच सांगितलं. अन् आता कागदावर लिहून देऊ का, की मी केसासाठी गेलो होतो?”

“उद्या आणखी कोणी जाईल तिथं, नासरे.”

“जाईन तर जाईन. माझं कोणी पाह्यलं?” त्यानं कागद हातात घेतले नाहीत. “सर, तुमाले हलकं व्हायचं आहे. व्हा. पण माझ्या डोक्यावरून नका होऊ. आता जखम भरली. उद्यापासून येऊ नका.”

“हव,” डॉक्टर म्हणाले.

संध्या दारापर्यंत आली. तिनं डॉक्टरांना नमस्कार केला नाही, मला केला.

बाहेर स्कूटर उभी होती. सिलतऱ्याला तासभर गाडी ठेवली तरी सीटवर काळी भुकटी बसते, बोटानं नाव लिहावं इतकी. मी म्हटलं, “डॉक्टर, त्याचं नाव काढून टाका अन् तुमच्या एकट्याच्या सहीनं द्या. तुमची गोष्ट तर तुम्हाला सांगता येते ना?”

त्यांनी खिसे चाचपले, रुमाल सापडला नाही. मग हातातले कागद मधोमध दुमडले अन् सीट पुसली. आधी पुढची, मग मागची, माझी.

“बसा, बाई.”

“तुम्ही व्हा पुढं,” मी म्हटलं. “मी ऑटोनं येते.”

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, कागद डिकीत टाकले, किक मारली अन् ट्रकांच्या रांगेत शिरले. त्या रस्त्यावर ऑटो मिळत नाही, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.